क्लॅम्पवरचा आकडा

डायलिसिसच्या पेशंटच्या छातीवर परमकॅथ नावाची नळी असते. तिच्या लाल आणि निळ्या क्लॅम्पवर, म्हणजे नळी दाबून बंद करायच्या चिमट्यांवर, एकेक बारीक आकडा छापलेला असतो. १.९, २.० असा काहीतरी. पेशंटला तो दिसत नाही, कारण सगळा प्रकार त्याच्या हनुवटीखाली असतो. नातेवाइकांना दिसला तर त्यांना तो कंपनीचा मॉडेल नंबर वाटतो. काही महिन्यांत औषधं लागून लागून तो पुसट होतो आणि मग मोबाइलचा टॉर्च मारून वाचावा लागतो.

त्या आकड्याचं आणि माझं एक जुनं प्रकरण आहे. चूक माझी होती. आज ते लिहायचं ठरवलंय, कारण गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, दोन्हीकडे दोन-दोन मिली टाकलं तर चालतं ना? सगळे टाकतात."

आधी मी कोण ते सांगते. डायलिसिस टेक्निशियन. राहते कळव्याला, खारेगावात. काम ठाण्यात, दहा मशीनच्या एका सेंटरवर. सोळा वर्षं झाली. पेशंट मला सिस्टर म्हणतात. सिस्टर वेगळ्या, त्यांचं शिक्षण वेगळं, हे सांगून सांगून मी दमले. आता कुणी सिस्टर म्हटलं की मुकाट्यानं वळून बघते.

आणि परमकॅथ म्हणजे काय, तेही. किडनी बंद पडल्यावर मशीनला जोडायला रक्ताची मोठी वाट लागते. हाताची शीर धमनीला जोडून फिस्टुला करतात ती सगळ्यांत चांगली वाट. पण ती तयार व्हायला दीड-दोन महिने जातात, आणि आपल्याकडचा पेशंट बहुतेक वेळा अगदी धाप लागून, सुजून, कॅज्युअल्टीतच पहिल्यांदा पोचतो. मग गळ्यातल्या मोठ्या शिरेत एक मऊ नळी घालतात. शक्यतो उजव्या बाजूनं, कारण तिकडून हृदयाकडची वाट सरळ आहे. ही नळी छातीवर कातडीखालून थोडी फिरवून बाहेर काढतात. बाहेरून एकच दिसते, आत मात्र दोन पोकळ्या असतात. लाल बाजूनं मशीन रक्त ओढतं, निळ्या बाजूनं साफ करून परत देतं. टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यापाशी असतं.

आता एक हिशोब करून बघा. मिनिटाला २५० ते ३०० मिली रक्त, असे चार तास. म्हणजे एका बैठकीत साठ-सत्तर लिटर रक्त या नळीतून जातं-येतं. शरीरात असतं पाचेक लिटर, तेच पुन्हा पुन्हा फिरतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस धरलं तर बारा तास झाले. आठवड्याचे तास १६८. उरले १५६. या १५६ तासांत नळीत काहीही वाहत नाही. पेशंट जेवतो, झोपतो, सिरियल बघतो, दिव्याहून लोकलनं येतो, आणि ती नळी त्याच्या हृदयाच्या दाराशी नुसती बसून असते. रक्ताचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. थांबलं की ते गोठतं. बाहेरची वस्तू दिसली की आणखी लवकर गोठतं.

म्हणून पेशंटला ऑफ करताना, म्हणजे मशीनवरून काढताना, दोन्ही पोकळ्या टोकापर्यंत हेपरिननं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधानं, भरून ठेवायच्या. याला आम्ही लॉक करणं म्हणतो. टोपणापासून टोकापर्यंत नेमकं किती मिली मावतं, तोच तो क्लॅम्पवरचा आकडा. कमी भरलं तर टोकाशी रक्त उरतं. जास्त भरलं तर जादा हेपरिन थेट हृदयात आणि तिथून अंगभर. लाल आणि निळ्या बाजूचा आकडा बहुतेक वेळा सारखा नसतो, कारण एक नळी दुसरीपेक्षा किंचित लांब असते.

लोकांना वाटतं डायलिसिसचं कसब सुई टोचण्यात आहे. सुईचं आहेच. पण परमकॅथवाल्या पेशंटचं नशीब शेवटच्या चार-पाच मिनिटांत ठरतं असं माझं मत आहे, आणि तीच चार-पाच मिनिटं सगळ्यांना नको असतात. पेशंट चार तास पडून कंटाळलेला असतो. मुलगा बाहेर रिक्षा थांबवून उभा असतो. पुढच्या शिफ्टचे काका वजनकाट्यावर चढून "माझं मशीन कुठलं?" विचारत असतात. आणि आपल्या पाठीला कळ लागलेली असते.

ते काम असं असतं. रक्त परत दिलं की मास्क मी लावते, पेशंटलाही लावते. मावशी हमखास म्हणतात, "आता कशाला, झालं ना?" हातमोजे नवे. नळीची तोंडं औषधाच्या गॉजनं पंधरा सेकंद घासायची. पंधरा सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ लावून एकदा बघा, फार लांब वाटतात. मग दहा मिलीच्या सिरिंजनं सलाइन. हे एका दमात ढकलायचं नाही. ढकल, थांब, ढकल, थांब. आई तांब्या कसा विसळायची? पाणी घालून नुसतं ओतून नाही द्यायची, हिसका द्यायची. तसंच. थांबत ढकललं की आत भोवरे होतात आणि भिंतीला चिकटलेलं रक्त सुटतं.

मग हेपरिन, आकड्याप्रमाणे, दोन वेगळ्या सिरिंजमध्ये. आणि इथं ती बारीक गोष्ट येते जी पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. शेवटचा थेंब जात असताना, अंगठा दांड्यावर दाबलेला असतानाच दुसऱ्या हातानं क्लॅम्प बंद करायचा. आधी अंगठा उचलला आणि मग क्लॅम्प लावला तर सिरिंज काढताना आतून हलकी ओढ बसते आणि टोकाशी थेंबभर रक्त नळीत शिरतं. गुठळीला तेवढा थेंब पुरतो. क्लॅम्पचा 'टक' आवाज अंगठ्याखाली दाब असताना यायला हवा. नवीन मुलांना मी डोळे मिटून तो आवाज ऐकायला सांगते. ती हसतात.

आता ती रात्र.

जुलै महिना, शनिवार. सकाळपासून धो धो. गाड्या उशिरानं, त्यामुळे दुसरी शिफ्ट उशिरा लागली, तिसरी त्याहून उशिरा. आमचे एक काका आहेत, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, दिव्याला राहतात. गळ्यात तुळशीची माळ, शेजारी परमकॅथ. मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात, तिसऱ्या शिफ्टला. पावणेअकरा वाजले होते आणि काका दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "सिस्टर, गाडी." त्यांचा मुलगा मोबाइलवर लोकलचा पत्ता बघत होता.

माझ्याकडे चार पेशंट ऑफ करायचे होते. वेळ वाचवायचा म्हणून मी एक शहाणपणा केला. सगळ्यांची हेपरिन एकदम भरून ट्रेमध्ये मांडून ठेवली, दीड-दीड मिलीच्या आठ सिरिंज. पहिल्या तिघांच्या गळ्यात तात्पुरती जुगुलर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घातलेली नळी, होती. त्या नळ्या आखूड असतात, त्यांना तेवढं पुरलं. काकांच्या परमकॅथवर लिहिलं होतं १.९ आणि २.०. मी वाचलं नाही. हात आपोआप चालला. टक, टक, टोपण, ड्रेसिंग, "सावकाश जा काका, पाय घसरेल."

कळवा पुलावर रिक्षा अडकली होती. वायपर करकरत होता आणि रिक्षावाला पुढच्या टेम्पोला शिव्या देत होता. तिथं मला आठवलं. एका बाजूला ०.४ आणि दुसऱ्या बाजूला ०.५ मिली कमी. नळीच्या टोकाकडची पाच-सात सेंटिमीटर हेपरिनशिवाय. फोन करून काकांना परत बोलावता आलं असतं. रविवारी बोलावून पाच मिनिटांत पुन्हा लॉक करता आलं असतं. मी केलं नाही. मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय, लोक तर अंदाजानं टाकतात. रविवारी मी भरली वांगी केली, भावाच्या मुलांना घेऊन तलावपाळीला गेले, पावसात कणीस खाल्लं. सोमवारी आकडा डोक्यात परत आला, तेव्हाही गप्प बसले.

मंगळवारी निळी बाजू ठीक होती. लाल बाजूला सिरिंज लावली, दांडा ओढला, आणि तो माझ्या बोटातून सुटून परत आत गेला. रबरानं मागे खेचल्यासारखा. सलाइन हलकंसं ढकलून बघितलं, गेलं. ओढलं, येत नाही. ज्यानं हे काम केलंय त्याला ही भावना माहीत आहे. पोटात खड्डा पडतो.

ढकललं तर जातं आणि ओढलं तर येत नाही, याचा अर्थ टोकाशी काहीतरी झडपेसारखं बसलंय. कधी ती गुठळी असते, कधी फायब्रिनचा पदर. हा पदर म्हणजे शरीरानं नळीवर बाहेरून चढवलेला पायमोजाच समजा. आतून ढकललं की फडफडून उघडतो, ओढलं की भोकावर येऊन बसतो. नळी नवीन असताना, पहिल्या काही दिवसांत असं झालं तर बहुतेक वेळा दोष बसवण्याचा असतो, नळी मुडपलेली किंवा टोक चुकीच्या जागी. काही महिन्यांनी झालं तर गुठळी किंवा पदर.

आम्ही नेहमीचे सगळे प्रकार केले. मान वळवा, खोकला काढा, खोल श्वास घ्या, पलंगाची डोक्याकडची बाजू खाली. माझ्यासोबत काम करणारा मुलगा म्हणाला, "दोन मिलीच्या सिरिंजनं जोर लावू का?" मी जवळजवळ ओरडलेच. सिरिंज जितकी लहान तितका तिचा दाब जास्त. नळी फुटू शकते, नाहीतर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दहा मिलीपेक्षा लहान सिरिंज अशा वेळी हातात घ्यायचीच नाही.

डॉक्टर आले. युरोकायनेज द्यायचं ठरलं, गुठळी विरघळवणारं औषध. तेही आकड्याप्रमाणेच भरायचं असतं! त्या दिवशी मी टॉर्च मारून तीनदा वाचलं. भरून तासभर थांबायचं. काका पेपर उघडून पडले होते. दोन दिवसांचं पाणी अंगात, पाय सुजलेले, बोलताना मध्येच दम घेत होते. म्हणाले, "सिस्टर, चेहरा का पडलाय? होतं असं." ते काहीच बोलले नसते तर बरं झालं असतं.

तासानं ओढलं तेव्हा आधी दोन थेंब पाणी आलं, मग काळसर रक्त, आणि मग दांडा एकदम मोकळा झाला. काढलेलं रक्त पांढऱ्या गॉजवर टाकलं. त्यात शेवईएवढा एक काळा तुकडा होता, बोटाच्या पेरभर लांब. मी काकांना दाखवला नाही. मशीन २०० वर चाललं, मग २२०. शेवटी लाइन उलट्या जोडाव्या लागल्या, म्हणजे निळीतून ओढायचं आणि लालमधून द्यायचं. निभावतं, पण साफ झालेलंच रक्त थोडं थोडं परत मशीनकडे येतं, आणि चार तासांचं काम तीन तासांएवढंच होतं. रोजची सवय करायची ही गोष्ट नाही.

पाच आठवड्यांनी ती नळी कायमची गेली. जुन्या नळीतून तार घालून त्याच वाटेनं नवीन टाकली. काकांचा खर्च, काकांचा त्रास.

मी डॉक्टरांना खरं सांगितलं. लगेच नाही, नळी बदलल्यावर. त्यांनी थोडा वेळ पेन फिरवलं आणि मग एका अभ्यासाचं सांगितलं. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, कॅनडातला. २२५ पेशंट, सहा महिने. निम्म्यांना आठवड्यातून तिन्ही वेळा हेपरिनचं लॉक. उरलेल्यांना दोनदा हेपरिन आणि एकदा टीपीए, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषधच आधीपासून भरून ठेवायचं. नुसत्या हेपरिनवाल्यांपैकी ३४.८ टक्के लोकांच्या नळ्यांनी त्रास दिला, टीपीएवाल्यांपैकी २० टक्के. रक्तात जंतू जाण्याचं प्रमाणही १३ वरून ४.५ टक्क्यांवर आलं. सरांचं म्हणणं असं, की जिथं सगळं मोजूनमापून केलं तिथंही हेपरिनवर तिघांतल्या एकाची नळी अडली. तेव्हा ही नळी तुझ्यामुळेच गेली असं कुणीच सांगू शकत नाही.

ते मला धीर देत होते, हे कळलं. आकडे मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवले. पण मला त्यातून निघाला तो अर्थ उलटा होता. जी वस्तू सगळं बरोबर केलं तरी तिघांत एकदा दगा देते, तिला आपण आणखी अर्धा मिली निष्काळजीपणा द्यायचा का? आणि टीपीए दर आठवड्याला द्यायचं तर त्याचा खर्च आमच्या पेशंटपैकी कितीजणांना झेपेल? आमच्या हातात जे आहे ते हेपरिन, सलाइन आणि अंगठा.

मग जास्त टाकलं तर? त्या नवीन मुलीचा प्रश्न तोच होता, दोन-दोन टाकून मोकळं व्हावं. नाही. एक तर नेमकं मापानं भरलं तरी थोडं हेपरिन टोकातून गळतंच. नदीत मधलं पाणी पळतं आणि काठाचं रेंगाळतं, नळीतही तसंच होतं. मधली धार आधी बाहेर पडते. जादा भरणं म्हणजे सरळ पेशंटला इंजेक्शन देणं. आणि ते किती, हे बाटलीवर अवलंबून.

बाटलीचा घोळ सांगितलाच पाहिजे. हेपरिनच्या पाच मिलीच्या बाटल्या दोन तऱ्हेच्या येतात. एकीत मिलीला १,००० युनिट, म्हणजे बाटलीत ५,०००. दुसरीत मिलीला ५,०००, म्हणजे बाटलीत २५,०००. आता सांगा, कुणी ओरडून म्हटलं "पाच हजारवाली दे", तर कुठली द्यायची? एक म्हणतो बाटलीवरून, दुसरा म्हणतो मिलीवरून, आणि दोघंही बरोबर. आमच्याकडे एकदा हे जवळजवळ झालंच होतं, स्टोअरमधल्या मावशींनी खोक्याचा रंग वेगळा दिसतोय म्हणून विचारलं म्हणून वाचलो. काकांच्या जुन्या परमकॅथचं धरा, दोन्ही मिळून ३.९ मिली. जाड, म्हणजे मिलीला ५,००० युनिटवालं हेपरिन असेल तर आत १९,५०० युनिट बसलेत. डायलिसिस सुरू करताना ते ओढून न काढता कुणी आत ढकललं, तर चार तासांच्या डायलिसिसला आम्ही जेवढं हेपरिन देतो त्याच्या कितीतरी पट एका झटक्यात. म्हणून सुरुवातीला दोन्ही बाजूंनी आधी पाच मिली ओढून टाकून द्यायचं, गॉजवर गुठळी आहे का बघायचं, मगच सलाइन. हल्ली जगभरच्या सूचनांचा कल मिलीला १,००० युनिटवाल्या हेपरिनकडे किंवा ४ टक्के सायट्रेटकडे आहे, तो रक्तस्रावाच्या भीतीनंच. आमच्याकडे आता "हजारवाली" आणि "पंचवीसवाली" असे दोनच शब्द चालतात. पाच हजार हा शब्द मी बंद करून टाकला.

काकांनी एकदा विचारलं होतं, हे औषध कशापासून करतात. १९१६ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं ते कुत्र्याच्या यकृतात, आता करतात डुकराच्या आतड्यापासून. माळकरी माणसाला हे कसं सांगायचं? मी म्हटलं डॉक्टरांना विचारा. त्यांनी नातवाच्या मोबाइलवर बघितलं. पुढच्या वेळी आले, पडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पांडुरंगाला सगळं ठाऊक आहे, तुम्ही घाला." पुन्हा विषय नाही.

त्या प्रकरणानंतर मी एक वही सुरू केली. नळी एका दिवसात बंद पडत नाही, काकांची पडली ती अपवाद. बहुतेक नळ्या आधी आठवडा-दोन आठवडे सांगत असतात. मशीनवर लाल बाजूचा दाब दिसतो, उणे आकड्यात. मशीन किती जोरानं ओढतंय त्याचं ते माप. पंप ३०० वर असताना आज उणे १२०, पुढच्या आठवड्यात उणे १५०, मग उणे १९०. प्रत्येक दिवस वेगळा बघितला तर काहीच वाटत नाही, अलार्म वाजत नाही, कुणी विचारत नाही. उणे २५० ओलांडूनही ३०० मिळेना, की मग सगळे धावतात. वहीत एकाखाली एक लिहिलं की आठवी-नववीतली मुलगीसुद्धा सांगेल की हे उतरणीला लागलंय. तेव्हा डॉक्टरांना दाखवलं तर युरोकायनेज किंवा फोटो काढून बघणं हे शांतपणे, वेळ ठरवून होतं. दोन दिवसांचं पाणी अंगात असताना मंगळवारी रात्री होत नाही. फाइलमध्ये हे आकडे असतातच, पण दर वेळी वेगळ्या कागदावर. उलटून मागचं बघतो कोण?

नातेवाईक विचारतात, रक्त पातळ करायची गोळी चालू केली तर नळी अडणार नाही ना? कमी मात्रेतली वॉरफरिन देऊन बघितलेली आहे, नळ्या वाचल्या नाहीत, रक्तस्रावाची भीती मात्र वाढली. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिली असेल तर घ्या, यासाठी मागू नका.

मागायचंच असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलात भरती झालात की तोंड उघडा. आमच्या एका आजींना ताप-जुलाबासाठी घराजवळ कुठंतरी दाखल केलं होतं. हाताची शीर सापडेना, म्हणून तिथल्या मुलीनं परमकॅथचं टोपण उघडून सलाइन लावलं. आतलं हेपरिन अंगात गेलं, लॉक परत कुणी केलं नाही, आणि आजी माझ्याकडे आल्या त्या दोन्ही बाजू बंद घेऊन. युरोकायनेजनंही उघडली नाही. परमकॅथ डायलिसिसवाल्यांशिवाय कुणी उघडायची नाही, रक्त काढायला नाही, अँटिबायोटिक द्यायलाही नाही. जीव जायची वेळ असली तर गोष्ट वेगळी. नवऱ्यानं, मुलानं, सुनेनं भांडावं लागलं तर भांडावं.

बाकी घरच्या गोष्टी. मंगळसूत्र. नळीच्या क्लॅम्पमध्ये मंगळसूत्र अडकून ओढलं गेलं की टोक हलतं, टाके सुटतात. मी बायकांना म्हणते, बारीक करा किंवा काही महिने पर्समध्ये ठेवा. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर हे वाक्य मी फाइल बघत म्हणते. लहान नातवंडांना नळीचं लाल टोक फार आवडतं, त्यांना त्या बाजूला कडेवर घेऊ नये. लोकलमध्ये दाराशी उभं राहू नये, ठाण्याला उतरणाऱ्यांच्या बॅगा बरोबर छातीच्या उंचीवर येतात. मे महिन्यात घामानं ड्रेसिंग सुटतं, तेव्हा घरी चिकटपट्टी लावून भागवू नका, येऊन बदलून घ्या. आंघोळ कमरेपासून खाली. थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, कारण जंतू आणि गुठळी दोघं एकमेकांना धरून राहतात.

आणि फिस्टुला करून घ्या. सगळ्यांत नक्की उपाय तोच, नळीच नसणं. १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा छापून आलेली पद्धत आहे, आणि साठ वर्षांत तिच्याहून चांगली वाट कुणाला सापडलेली नाही. पण परमकॅथ टाकली, डायलिसिस सुरळीत झालं, सूज उतरली, भूक लागायला लागली की माणूस म्हणतो, आता पुन्हा ऑपरेशन कशाला? दिवाळीनंतर बघू. मग लग्नसराईनंतर. मग पाऊस संपल्यावर. मी कुणाला दोष देत नाही, सुऱ्या कुणाला आवडतात! काका असेच वर्षभर टाळत होते. शेवईवाल्या मंगळवारनंतर मीच त्यांच्या मागे लागले, रोज, कंटाळा येईपर्यंत.

आता डाव्या मनगटावर त्यांची फिस्टुला होऊन पाच आठवडे झालेत. रबरी चेंडू दाबत येतात, गाडीतही दाबतात. हात कानाशी नेऊन आतल्या रक्ताची घरघर ऐकतात आणि शेजारच्या बेडवरच्या माणसालाही ऐकवतात, "बघा, चक्की चालू आहे." येत्या गुरुवारी सर्जन बघणार आहेत, सुया लावायच्या की अजून थांबायचं ते.

तोवर परमकॅथ आहे. नवीन नळीचे आकडे २.१ आणि २.२, फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलेत. मी प्रत्येकाची हेपरिन त्याच्या बेडशी उभी राहून भरते, ट्रेमध्ये आधी नाही. त्या रात्रीचं मी काकांनाही सांगून टाकलं होतं. ते रागावले नाहीत, पण तेव्हापासून मी सिरिंज उचलली की स्वतःच म्हणतात, "लाल दोन पॉइंट एक, निळी दोन पॉइंट दोन." काल शनिवार होता. आकडे म्हणाले, टक टक ऐकलं, मास्क काढला आणि मुलाला विचारलं, "गेली का रे?" गेली होती. दोघं स्टेशनवर चहा पिऊन पुढच्या गाडीनं गेले.